आधी रूळ, मग इंजिन

बडोदे संस्थानात १८६२ साली एक लोहमार्ग सुरू झाला आणि त्यावरच्या गाडीला बैल जुंपलेले होते. डभोई ते मियागाम हे सुमारे वीस मैलांचे अंतर. अडीच फूट रुंदीचा चिमुकला मार्ग. त्यावर डबे आणि डब्यांपुढे खिलारे! आज हे ऐकून कोणासही हसू येईल. तथापि त्या काळच्या बडोद्यात हा विनोद नव्हता. राज्य खंडेराव महाराज गायकवाडांचे होते, आगगाडी ही नव्या युगाची खूण मानली जात होती आणि एका देशी संस्थानाने आपल्या खर्चाने लोहमार्ग घालावा ही गोष्ट अभिमानाचीच होती. पुढच्याच वर्षी, १८६३ साली, ग्लासगोच्या नील्सन कंपनीची वाफेची इंजिने या मार्गासाठी आली. बैलांची सुट्टी होणार असे सर्वांस वाटले असेल. झाले ते उलटेच. इंजिने नवी होती, बनावट नामांकित होती, वाफही हवी तेवढी होती. परंतु खालचे रूळ हलके होते. इंजिनाचा भार नित्य सोसण्याची ताकद त्यांच्यात नव्हती. मग इंजिने बाजूस राहिली आणि बैल पुन्हा गाडी ओढू लागले. जड रूळ १८७३ मध्ये पडले, तेव्हा कोठे वाफेचा मार्ग मोकळा झाला.

ज्या १८६३ साली ही इंजिने डभोईच्या मार्गासाठी आली, त्याच साली खंडेरावांचे बंधू मल्हारराव यांना राजद्रोहाच्या आरोपावरून पादरा येथे अटकेत ठेवण्यात आले. बडोद्याच्या नैर्ऋत्येस वसलेले हे तालुक्याचे गाव तेव्हा आगगाडीपासून दूर होते. विश्वामित्रीपासून पादऱ्यापर्यंतचा अरुंद लोहमार्ग खुला झाला तो १८९७ साली, सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत. पस्तीस वर्षांपूर्वीचा डभोईचा धडा तोपर्यंत पुरता गिरवून झाला होता. पादऱ्याच्या मार्गावर बैल जुंपण्याची वेळ आली नाही. आधी रूळ, मग इंजिन, हा क्रम संस्थानाच्या अंगवळणी पडला होता.

हा क्रम केवळ आगगाडीचा नाही. जो कोणी चाकांवर चालणारे यंत्र स्वतःच्या हातांनी जुळवू पाहतो, त्याला हाच क्रम पाळावा लागतो. मोठ्या कारखान्यात मोटार बनते तेव्हा इंजिन, सांगाडा, चाके आणि गिअर एकमेकांना बेतून जन्माला येतात. परंतु एखादा हौशी कारागीर आपल्या परसात सुटे भाग जमवून छोटी मोटार उभी करतो, तेव्हा त्याचे इंजिन दुसऱ्याच कोणत्या तरी गाडीतून आलेले असते. ते मोटारसायकलचे असते, मोडीत निघालेल्या मोटारीचे असते, क्वचित शेतावरच्या पंपाचेही असते. अशा वेळी त्याच्या मनात पहिला प्रश्न येतो तो असा, की हे इंजिन किती अश्वशक्तीचे? इतिहास सांगतो की हा प्रश्न पहिला नव्हेच. त्याच्या आधी तीन प्रश्न उभे असतात. याचा भार आणि याचे हादरे सांगाडा सोसेल काय? याला पेटविणार कशाने? आणि हे बंद पडले तर दुरुस्त कोण करणार? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे ज्यांनी अश्वशक्तीच्या आधी शोधली, त्यांच्या गाड्या चालल्या. बाकीच्यांच्या बव्हंशी अंगणातच राहिल्या.

परसात बनलेल्या मोटारींत सर्वांत भाग्यवान ठरली ती लुई रेनॉल्ट या फ्रेंच तरुणाची. १८९८ साली पॅरिसजवळच्या बियांकूर येथे, घरच्या बागेतील छपरात, एकवीस वर्षांच्या या मुलाने एक छोटी गाडी तयार केली. इंजिन त्याने स्वतः बनविले नाही. काउंट द दियाँ आणि त्यांचे भागीदार जॉर्ज बूताँ यांच्या तीनचाकी वाहनाचे एक सिलिंडरचे इंजिन त्याने घेतले. ते हलके होते, जोमदार होते आणि बाजारात सहज मिळत होते. आपली सारी बुद्धी त्याने इंजिनाऐवजी गिअरपेटीवर खर्च केली. त्या काळच्या बहुतेक गाड्यांत चाकांना गती साखळीने वा पट्ट्याने पोहोचे. रेनॉल्टने दंडाने थेट गती देणारी रचना केली. त्या वर्षीच्या नाताळच्या पूर्वसंध्येला त्याने ही गाडी मोंमार्त्रच्या रू लेपिक या चढावरून वर नेली. त्याच रात्री तिला बारा मागण्या आल्या असे तिचा इतिहास सांगतो.

द दियाँ-बूताँचे हे इंजिन शंभराहून अधिक मोटार-बनविणाऱ्यांनी वापरले. ते इतके लोकप्रिय का झाले? त्याची ताकद अगदी बेताची होती. त्याचे रहस्य वेगात होते आणि वेगाचे रहस्य ठिणगीत. समकालीन इंजिने मिनिटाला सातशे-आठशे फेरे घेत, तर हे इंजिन दीड हजारांच्या पुढे जाई. एवढ्या वेगात सिलिंडरातील पेट्रोल आणि हवेचे मिश्रण नेमक्या क्षणी पेटले पाहिजे. तो क्षण सेकंदाच्या अल्पशा अंशाने चुकला तरी शक्ती वाया जाते. मोटारीच्या आरंभकाळात शोधकांची झोप उडविली ती याच एका प्रश्नाने. कार्ल बेंझ यांनी तर पेटविण्याचा प्रश्न हाच सर्व प्रश्नांतील मोठा प्रश्न मानला होता.

या प्रश्नाची पहिली उत्तरे आज फार ओबडधोबड वाटतात. गोटलिब डाइम्लर आणि त्यांचे सहकारी विल्हेल्म मायबाख यांनी १८८५ च्या सुमारास आपल्या वेगवान इंजिनाला तापलेल्या नळीची योजना केली. सिलिंडरला जोडलेली एक बारीक नळी बाहेरून दिव्याच्या ज्योतीने लाल होईपर्यंत तापवावयाची. दट्ट्या वर आला की दाबलेले मिश्रण त्या नळीत शिरून पेट घेई. यात हलणारा भाग एकही नव्हता, हा तिचा गुण. परंतु पेटण्याची वेळ चालकाच्या हाती नव्हती, ज्योत वाऱ्याने विझे आणि पेट्रोलच्या शेजारी उघडा दिवा घेऊन रस्त्याने जाणे हे धाडसच होते. बेंझ यांनी १८८६ साली पेटंट घेतलेल्या आपल्या तीनचाकी गाडीत विजेची वाट धरली. बॅटरी आणि थरथरणारी कॉइल यांच्या साहाय्याने त्यांनी ठिणग्यांची माळ निर्माण केली. ती दिव्यापेक्षा सुरक्षित होती. परंतु थरथरणाऱ्या पट्टीची स्वतःची एक गती असते आणि इंजिन जलद फिरू लागले की ती मागे पडे. द दियाँ आणि बूताँ यांनी ती थरथर काढून टाकली. इंजिनाच्याच दांड्यावर फिरणारा एक उंचवटा ठरलेल्या क्षणी विजेचा प्रवाह तोडी आणि तत्क्षणी एकच चोख ठिणगी पडे. पुढे ज्याला सगळे मेकॅनिक ‘पॉइंट’ म्हणू लागले, त्याचा हा पूर्वज.

एवढे झाले तरी बॅटरीचे दुखणे उरलेच. त्या काळची बॅटरी लवकर उतरे आणि गावोगावी ती भरून मिळण्याची सोय नव्हती. गाडी निर्जन रस्त्यावर थांबली तर इंजिन निर्दोष असूनही निरुपयोगी ठरे. याला उत्तर म्हणून मॅग्नेटो आला. मॅग्नेटो म्हणजे इंजिनाच्याच फिरण्याने आपली वीज आपण तयार करणारे छोटे यंत्र. त्यात कायमचे चुंबक असतात, त्यामुळे बॅटरीची गरजच नाही. श्टुटगार्टचे रोबर्ट बॉश अशी यंत्रे आधी जागेवर चालणाऱ्या संथ इंजिनांसाठी बनवीत. १८९७ साली फ्रेडरिक सिम्स यांच्या मागणीवरून त्यांच्या कारखान्याने मॅग्नेटो एका द दियाँ-बूताँ तीनचाकीवर बसविला. संथ इंजिनासाठी जन्मलेल्या यंत्राला एकाएकी अनेकपट वेगाने ठिणग्या द्याव्या लागल्या. अडचण मोठी होती. कारागिरांनी रचना बदलून ती सोडविली. पुढे १९०२ साली त्याच कारखान्यातील गोटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला साजेसा स्पार्क प्लग सिद्ध केला. त्यानंतर मोटारीला, विमानाला आणि मोटारसायकलला विश्वासाची ठिणगी मिळाली.

हेन्री फोर्ड यांची १९०८ सालची ‘मॉडेल टी’ या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. गाडी शेतकऱ्यांसाठी होती. शेतकरी शहरापासून दूर, चिखलाच्या वाटेवर राहणारा. त्याच्याकडे बॅटरी भरण्याची सोय कोठून असणार? म्हणून फोर्ड यांनी इंजिनाच्या गतिचक्रावरच चुंबक बसवून मॅग्नेटो इंजिनाच्या पोटातच सामावला. सिलिंडर चार आणि प्रत्येकासाठी एकेक कॉइल, लाकडी पेटीत मांडलेली. एखादी कॉइल बिघडली तर शेतकरी ती हाताने उपसून दुसरी बसवू शकत असे. ठिणगी लवकर पडावी की उशिरा, हे ठरविणारा दांडा सुकाणूच्या चाकाखाली डाव्या हाताला असे. इंजिन हँडल मारून चालू करताना ठिणगी उशिरा ठेवावी लागे. ती लवकर राहिली तर हँडल उलटे फिरून मनगट मोडण्याचा प्रसंग येई. शहरी तज्ज्ञांना ही रचना जुनाट वाटे. परंतु ती ज्यांच्यासाठी होती त्यांच्या हाताला ती साजेशी होती आणि म्हणूनच ही गाडी १९२७ पर्यंत बनत राहिली.

दुसरी वाट चार्ल्स केटरिंग यांनी दाखविली. १९१० च्या कॅडिलॅक गाडीसाठी त्यांनी बॅटरी, एक कॉइल, पॉइंट आणि डिस्ट्रिब्यूटर अशी जोडणी बसविली. दोनच वर्षांनी त्याच गाडीत विजेचा स्टार्टर आला. स्टार्टर आला म्हणजे मोठी बॅटरी आली, बॅटरी आली म्हणजे ती भरणारा डायनामो आला आणि हे सारे गाडीत असल्यावर मॅग्नेटोसाठी वेगळा खर्च कशाला, असा विचार कारखानदारांनी केला. मॅग्नेटोचा गुण असा की तो कोणावर विसंबत नाही. त्याचा दोष असा की इंजिन हळू फिरत असता त्याची ठिणगी दुबळी असते. बॅटरी-कॉइलची गोष्ट अगदी उलटी. तिची ठिणगी पहिल्या फेऱ्यापासून जोमदार. मात्र बॅटरी मेली की सारेच मेले. परसात मोटार जुळविणाऱ्या माणसापुढे या दोहोंचा प्रश्न पुढील साठ वर्षे उभा होता. ज्याला गाडी रोज चालवावयाची होती आणि दिवे लावावयाचे होते त्याने कॉइल घेतली. ज्याला गाडी हलकी हवी होती आणि पायाने वा हाताने इंजिन चालू करणे मान्य होते त्याने मॅग्नेटो घेतला. दोघांचेही बरोबर होते. कारण दोघांनी आपापल्या गाडीचे काम आधी ठरविले होते.

ठिणगीवाचून पेटणारी इंजिनेही त्याच काळात पुढे आली आणि भारताच्या खेड्यांना त्यांचीच ओळख आधी झाली. हर्बर्ट ॲक्रॉइड स्टुअर्ट यांनी १८९० साली तप्त गोळ्याच्या इंजिनाचे पेटंट घेतले आणि ग्रँथमच्या हॉर्न्सबी कारखान्याने १८९२ पासून ही इंजिने बाजारात आणली. इंजिन चालू करण्यापूर्वी ब्लोलँपने त्याच्या डोक्यावरचा गोळा तापवावयाचा. एकदा इंजिन चालले की गोळा आपल्याच उष्णतेने तापलेला राही. रूडॉल्फ डीझेल यांनी १८९७ साली आउग्सबुर्ग येथे सिद्ध केलेल्या इंजिनात तोही दिवा नव्हता. हवा इतकी दाबावयाची की तिच्या उष्णतेनेच तेल पेटावे. विहिरीवरच्या पंपाला, पिठाच्या गिरणीला आणि जिनिंगला अशी इंजिने फार सोयीची पडली. पुण्याजवळ खडकी येथे १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली. राजकोटमध्येही इंग्लंडच्या लिस्टर इंजिनाच्या धर्तीवर संथ गतीची डीझेल इंजिने बनविणारे अनेक कारखाने निघाले.

शेतावर असे इंजिन असताना ते गाडीला का जोडू नये? हा विचार खेडोपाडी अनेकांच्या मनात आला. सौराष्ट्रातील ‘छकडो’ हे त्याचे प्रसिद्ध फळ. पुढे एनफील्ड बुलेट मोटारसायकलचा अर्धा भाग, मागे गाड्याचा सांगाडा, अशी ही तीनचाकी. आरंभी तिला बुलेटचेच पेट्रोल इंजिन असे. पुढे एक सिलिंडरची डीझेल इंजिने आली. तेल स्वस्त, प्लग नाही, पॉइंट नाही, बॅटरीवाचूनही इंजिन चालते आणि दुरुस्त करणारा प्रत्येक गावात सापडतो. मालवाहू गाडीला ही निवड योग्यच होती. परंतु तेच इंजिन हलक्या चारचाकी मोटारीत बसविले तर काय होते? डीझेल इंजिनात दाब फार मोठा, म्हणून त्याचे ओतीव भाग जाड आणि वजन अधिक. एकाच सिलिंडरचे धक्के सांगाड्याला खिळखिळे करतात, जोड उसवतात, बसणाऱ्याचे दात वाजतात. डभोईच्या रुळांवर नील्सनची इंजिने चढविण्यासारखाच हा प्रकार. दोष इंजिनाचा नसतो. त्याच्याखाली काय आहे याचा विचार झालेला नसतो.

हा विचार इंग्लंडातील हौशी मंडळींनी पद्धतशीरपणे केला. १९२२ साली निघालेली ऑस्टिन सेव्हन ही ७४७ घनसेंटिमीटर इंजिनाची गरीब माणसाची मोटार. ती जुनी झाली की तिचा सांगाडा आणि इंजिन ठेवून तरुण मुले तिच्यावर आपल्या कल्पनेचे कवच चढवीत. कॉलिन चॅपमन या अभियंत्याची पहिली गाडीही १९४८ साली अशाच जुन्या ऑस्टिन सेव्हनवर उभी राहिली. त्यांनीच १९५७ साली ‘लोटस सेव्हन’ आणली. ही गाडी सुट्या भागांच्या स्वरूपात विकत मिळे आणि ग्राहक ती घरी जुळवी. यामागे कराचे गणित होते. तयार मोटारीवर खरेदी-कर होता; सुट्या भागांवर तो नव्हता. कर वाचविण्याची अट अशी की जुळणीची सूचनापुस्तिका सोबत देता कामा नये. या गाडीत चॅपमन यांनी जी इंजिने वापरली त्यांत फोर्डचे ११७२ घनसेंटिमीटरचे साधे इंजिन होते. ते शर्यतीचे नव्हते. पण त्याचे प्लग, पॉइंट आणि कॉइल इंग्लंडातील कोणत्याही गावच्या गॅरेजात मिळत. गाडीचा वेग तिच्या हलकेपणातून आला. १९७३ साली करपद्धती बदलली आणि सुट्या भागांची ती सवलत संपली. परंतु हलका सांगाडा आणि सर्वत्र मिळणारे इंजिन हे सूत्र टिकून राहिले.

भारतात असे का घडू नये, असा प्रश्न येथे उभा राहतो. हातांची उणीव होती असे म्हणता येणार नाही. सयाजीराव महाराजांनी १८९० साली बडोद्यात कलाभवन स्थापन केले. प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर त्याचे प्रमुख होते. यंत्रविद्या, रंगविद्या आणि कारागिरी लोकांच्या भाषेत शिकवावी हा त्यांचा आग्रह होता. दादासाहेब फाळके यांनीही येथे काही काळ शिक्षण घेतले. पादरा, डभोई, सिनोर या गावांतील मुलाला बडोदे गाठले की यंत्राशी परिचय होण्याची सोय त्या काळात झाली होती. आज ही परंपरा महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या तंत्रशास्त्र आणि अभियांत्रिकी विद्याशाखेच्या रूपाने चालू आहे. संस्थानाने डभोईला रूळ आधी आणि इंजिन मग हा धडा घेतला, त्याचेच हे शैक्षणिक रूप म्हणावयास हरकत नाही. यंत्र आणण्यापूर्वी यंत्र जाणणारा माणूस तयार करावयाचा.

महाराष्ट्रात इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी हे असेच यंत्र जाणणारे गृहस्थ होते. त्यांच्यापाशी अभियांत्रिकीची पदवी नव्हती. १९४९ साली त्यांनी आपल्या छोट्या मोटारीचा पहिला नमुना रस्त्यावर आणला. दोन माणसे बसतील एवढीच ती गाडी. पुढे सुमारे पंचवीस वर्षे ते तिच्यात सुधारणा करीत राहिले. एकामागून एक नमुने निघाले, बसणाऱ्यांची संख्या वाढली आणि ‘मीरा’ या नावाने ती गाडी प्रसिद्ध झाली. मध्यमवर्गीय कुटुंबाला परवडेल अशी मोटार हे त्यांचे ध्येय होते. त्या ध्येयावरून त्यांचे सारे निर्णय ठरत गेले. इंजिन छोटे आणि मागच्या बाजूस. त्यामुळे चाकांपर्यंत जाणारा लांब दांडा वाचला, वजन घटले, आतली जागा वाढली. पोलादी स्प्रिंगांऐवजी त्यांनी रबराचा उपयोग केला. घासणारे भाग कमी झाले, तेलपाण्याची कटकट कमी झाली. रेनॉल्टच्या परसातील छपरात जो विवेक होता, तोच इचलकरंजीच्या या कार्यशाळेत होता. गाडी कोणासाठी, हे आधी. इंजिन किती मोठे, हे त्यानंतर.

परंतु रेनॉल्टला एका रात्रीत बारा मागण्या आल्या आणि कारखाना उभा राहिला. मीरेचे तसे झाले नाही. स्वातंत्र्योत्तर भारतात मोटार बनविण्यास सरकारी परवाना लागे. टॅरिफ कमिशनच्या १९५३ च्या अहवालानंतर प्रवासी मोटारींचे क्षेत्र मोजक्या कंपन्यांपुरते उरले. हिंदुस्तान, प्रीमियर आणि स्टँडर्ड ही नावे त्या पिढीला पाठ होती. स्वस्त छोटी मोटार हवी याविषयी दुमत नव्हते. लक्ष्मीकांत झा यांच्या समितीनेही १९६० च्या सुमारास तिचा पुरस्कार केला होता. मात्र चर्चा, समित्या आणि परदेशी कंपन्यांशी वाटाघाटी यांतच दशक गेले. मीरेला मोठ्या प्रमाणावर उत्पादनाची वाट मिळाली नाही. शेवटी डिसेंबर १९८३ मध्ये सरकारी मारुती कंपनीची ८०० ही गाडी रस्त्यावर आली आणि तिच्यात जपानच्या सुझुकीचे ७९६ घनसेंटिमीटरचे तीन सिलिंडरांचे इंजिन होते. ती गाडी उत्तम निघाली आणि लाखो घरांत पोहोचली, हे निर्विवाद. तथापि एका मराठी कारागिराने पंचवीस वर्षे ज्या प्रश्नांची उत्तरे शोधली, ती उत्तरे देशाने तपासूनच पाहिली नाहीत, ही खंत उरतेच. इचलकरंजीत इंजिन होते, गाडी होती, बुद्धी होती. रूळ नव्हते. येथे रूळ म्हणजे परवाना, भांडवल आणि विश्वास.

त्यानंतर इंजिनाचे स्वरूपही पालटले. पॉइंटची जागा आधी इलेक्ट्रॉनिक प्रज्वलनाने घेतली. मारुती ८०० मध्येच २००० सालाच्या सुमारास कार्ब्युरेटर जाऊन इंधन फवारणारी संगणकीय रचना आली. एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ हे प्रदूषणाचे कडक मानक लागू झाले. आजच्या इंजिनात ठिणगी केव्हा पडावी हे एक छोटा संगणक ठरवितो. दंड कोणत्या कोनात आहे, हवा किती आली, पाणी किती तापले, धुरात प्राणवायू किती उरला, अशा खबरा त्याला निरनिराळे सेन्सर देत असतात. त्यामुळे जुन्या काळी मोडीतून इंजिन उचलून आणणे पुरे होई. आता इंजिनाबरोबर त्याचा मेंदू आणि साऱ्या नसाही आणाव्या लागतात. एक तार तुटली तरी यंत्र मुके होते. म्हणून आजही पुष्कळ हौशी मंडळी पॉइंट-कॉइलचे वा मोटारसायकलचे साधे इंजिन पसंत करतात. त्यात शक्ती कमी, धूर अधिक. पण बिघाड डोळ्यांना दिसतो आणि पान्याने सुधारता येतो. नवे इंजिन इंधन वाचविते आणि हवा स्वच्छ ठेवते, हेही तितकेच खरे. निवड सोपी राहिलेली नाही.

कायद्याची चौकटही घट्ट झाली आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने नोंदणी झालेल्या गाडीच्या मूळ बनावटीत फेरफार करण्यावर बंधने घातली आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने ती अधोरेखित केली. नव्या बनावटीच्या गाडीला पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनसारख्या मान्यताप्राप्त संस्थेच्या कसोट्या पार कराव्या लागतात. रस्त्यावर इतरांचेही प्राण असतात, तेव्हा ब्रेक, दिवे आणि सुकाणू यांची परीक्षा व्हावी यात गैर काही नाही. परंतु हजारो गाड्या बनविणाऱ्या कारखान्याला परवडणारी कसोटी एकच गाडी बनविणाऱ्या कारागिराला परवडत नाही.

२०२१ च्या अखेरीस या प्रश्नाची एक हृद्य बाजू सर्वांसमोर आली. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे या गावी, यशवंतराव चव्हाणांच्या जन्मगावी, एका लोहकाम करणाऱ्या कारागिराने टाकाऊ भागांतून छोटी चारचाकी बनविली आणि तीत आपल्या कुटुंबाला बसविले. दुचाकीप्रमाणे पायाने किक मारून ती चालू होई. तिची चित्रफीत देशभर पाहिली गेली. आनंद महिंद्र यांनी गाडी नियमांत बसत नसल्याचे सांगितले आणि त्याच वेळी कारागिराच्या कौशल्याचे कौतुक करून तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. पुढच्याच महिन्यात ती त्या कुटुंबाला मिळाली. ती गाडी कोणत्याही मोठ्या कसोटीला उतरली नसती; परंतु तिच्या निर्मात्याने आपल्यापुढचे प्रश्न योग्य क्रमाने सोडविले होते. जे मिळते ते घेतले, जे पेलते ते बसविले आणि जे आपल्याला दुरुस्त करता येते तेच निवडले.

उदारतेने दिलेली भेट हे एका घराचे समाधान होय. ती व्यवस्था नव्हे. इंग्लंडसारख्या देशांत हातबनावटीच्या एकेका गाडीची स्वतंत्र तपासणी करून तिला रस्त्यावर येऊ देण्याची पद्धत आहे. ब्रेक धरतात काय, दिवे लागतात काय, धूर मर्यादेत आहे काय, एवढे पाहून निर्णय होतो. अशी वाट आपल्याकडे निघाली तर देवराष्ट्र्याच्या, इचलकरंजीच्या वा पादऱ्याच्या एखाद्या तरुणाला आपली निवड कसोटीला लावता येईल. तो नापास झाला तर का झाला हे त्याला कळेल आणि पुढच्या वेळी तो अधिक चांगले इंजिन निवडील.

डभोईच्या त्या इंजिनांना दहा वर्षे रुळांची वाट पाहावी लागली. त्या दहा वर्षांत गाडी बंद पडली नाही, कारण बैल होते आणि बैल त्या रुळांना पेलत होते. कोणी त्याला मागासलेपणा म्हणेल. परंतु हाती असलेल्या मार्गावर चालेल तेच जुंपावयाचे आणि दरम्यान मार्ग बळकट करीत राहावयाचे, यात शहाणपण होते. चोवीस वर्षांनी पादऱ्याला आगगाडी गेली ती या शहाणपणावरून गेली. आज देशात इंजिनांचा तुटवडा नाही, ठिणगीचाही नाही. कारागिराच्या हातातल्या यंत्राखाली घालावयाचे रूळ तेवढे अजून हलके आहेत.